मॅट उचलून बघा

प्रश्न : रत्नागिरीत २००९ची मारुती ८०० मिळतेय, पासिंग झालेली. मुलांना शाळेत सोडायला घेऊ का?

उत्तर : ताई, आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, पाहा. १५ वर्षांनंतर तपासणी होऊन नोंदणी ५ वर्षांसाठीच वाढते. जुन्या गाड्यांवर लागणाऱ्या हरित कराची पावतीही मागा. पण पास झाली म्हणजे पत्रा धड, असं नव्हे. खाऱ्या हवेत तो खालून कुजतो, गॅरेजमध्ये मी कितीदा पाहिलंय! पायाखालची मॅट उचला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. बद्द आवाज आला तर गंज आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा; पुढून कटकट ऐकू आली तर ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, सांधा गेलाय. तो बदलता येतो. फरशीचा पत्रा सडलेला असेल तर मात्र स्वस्तातही घेऊ नका, मागे मुलं बसणार आहेत.