पान तोडण्याआधी कागद

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. परदेशी विद्यापीठातला संशोधक दुसऱ्या देशाच्या रानात काम करायला उतरतो तेव्हा सरकारी परवानगी कुणाची, कशासाठी आणि कधी घ्यायची, असा तिन्हींचा सूर आहे. माझी नोकरीची एकतीस वर्षं पुण्यात वाळलेली झाडं कागदावर चिकटवण्यात आणि त्यांची नावं लावण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. तिन्ही पत्रं एकत्रच घेते.

प्रश्न : काकू, माझी मुलगी नेदरलँड्समध्ये पीएचडी करते. तिसरं वर्ष चालू आहे. पासपोर्ट भारतीयच आहे. ऑगस्टमध्ये घरी येऊन आमच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या वनस्पतींची पानं सिलिका जेलमध्ये वाळवायची आणि डीएनएसाठी तिकडच्या प्रयोगशाळेत न्यायची, असं तिचं ठरलंय. त्यातली थोडी जमीन माझ्या दिरांची आहे. घरातले म्हणतात, आपली पोरगी, आपलं रान, परवानगी कसली? तिच्या गाईडनं मात्र कागद मागितलेत. खरं काय?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, गाईडचं बरोबर आहे. घरच्यांचं म्हणणं मायेपोटी आहे, पण कायदा तसा नाही.

आपला जैवविविधता कायदा २००२चा. त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय की काही जणांना भारतातला कुठलाही जैविक घटक संशोधनासाठी घ्यायचा असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी हवी. यात परदेशी नागरिक येतात, परदेशी संस्था येतात, आणि तिसरा येतो तो अनिवासी भारतीय नागरिक. अनिवासी कोण, हे पासपोर्टवरून ठरत नाही, आयकर कायद्यावरून ठरतं. जी मुलगी वर्षातले दहा-अकरा महिने नेदरलँड्समध्ये राहते आणि सुट्टीपुरती घरी येते, ती या कायद्याच्या नजरेत त्या पहिल्या दोघांच्याच रांगेत उभी आहे. तिच्या चाळकेवाडीच्याच पठारावर. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं.

पुढची पळवाटही आधीच सांगते, कारण पोरं ती शोधतातच. ‘मैत्रिणीनं गोळा करावं आणि कुरिअरनं पाठवावं’ हेही चालत नाही. नमुने देशाबाहेर पाठवायचे तर पाठवणाऱ्याला परवानगी लागते, आणि संशोधनाचे निष्कर्षसुद्धा अनिवासी माणसाच्या हाती द्यायला चौथं कलम आडवं येतं. डीएनए इथेच काढून फक्त त्याची अक्षरं संगणकावरून नेली तरी सुटका नाही, कारण परवानगी लागते ती मुळात संशोधनासाठी झाड हाताळायला. नुसती मोजदाद केली तर? कायद्यात ‘जैविक सर्वेक्षण’ या शब्दात जातींची यादी करणंही धरलेलं आहे. तेव्हा वही-पेन्सिल घेऊन चौरस आखून फुलं मोजायची, तरी आधी विचारायचं.

दोन वाटा सरळ आहेत. एक, तिनं स्वतः प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. कुठली जात, किती पानं, कुठल्या गावची, कशासाठी, नमुने जाणार कुठे, हे सगळं त्यात येतं. प्राधिकरण मग स्थानिक जैवविविधता समितीचं मत घेतं, करार होतो आणि परवानगी मिळते. दुसरी वाट मला जास्त आवडते. इथली एखादी संस्था आणि तिचं विद्यापीठ यांनी मिळून प्रकल्प करायचा आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो मंजूर करून घ्यायचा. पाचव्या कलमानं अशा सहकार्याच्या प्रकल्पाला त्या अर्जातून सूट आहे. शिवाय इथला एक प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी त्या कामात शिकतात.

चेन्नईच्या कागदावर काम संपत नाही. पठाराचा तो तुकडा सातबाऱ्यावर कुणाच्या नावावर आहे, ते आधी काढा. दिरांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र लेखी घ्या, घरातलं असलं तरी. वनखात्याचा असेल तर विभागीय वनाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलगी कोयना अभयारण्याच्या हद्दीत शिरणार असेल तर वन्यजीव कायद्याच्या २८व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना हवा, ते कार्यालय नागपूरला. पठारावर हबेनारियासारख्या आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलतात. आमरीच्या कुळातली एकूण एक जात वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साईट्स करारात आहे. तिचं एक पान नेदरलँड्सला न्यायचं तर आणखी एक कागद वाढतो. विमानतळावर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र विचारतील ते निराळंच.

इतकं सगळं कशाला, असं तुमच्या घरात कुणीतरी नक्की म्हणेल. त्यांना ही गोष्ट सांगा. जैवविविधता कायदा यायच्या दहा वर्षं आधी कासच्या पठारावर मी एका परदेशी पाहुण्याबरोबर होते. सप्टेंबर होता, धुकं गुडघ्यापर्यंत, आणि कातळावरच्या डबक्यात वायतुरा फुललेला. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तो गुलाबी-जांभळा तुरा सातारच्या पठारांवरचाच. पाहुण्यांनी हात लांब केला आणि आम्हीच बोटं डबक्यात घालून कंदासकट सात-आठ रोपं उपटून दिली. पाहुणचार म्हणून! रात्री विश्रामगृहात टिपकागद कंदिलावर शेकून शेकून मी ते नमुने वाळवले. चार वर्षांनी त्यातल्या एका नमुन्याचं बारीक निरीक्षण मला लेखासाठी हवं होतं. इथे एकही ठेवून घेतला नव्हता. त्यांच्या संग्रहालयाला पत्र पाठवलं, पैसे भरले, पाच महिन्यांनी एक काळा-पांढरा फोटो आला. फोटोत डबक्याच्या चिखलाचा डाग दिसत होता आणि शीटच्या कोपऱ्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. सह्याद्रीतल्या कितीतरी वनस्पतींचे मूळ नमुने असेच लंडनच्या क्यू बागेत आहेत आणि आमच्या पिढीनं आपलीच झाडं त्यांच्या फोटोंवरून ओळखली. आज कायद्याच्या ३९व्या कलमानं नवी जात सापडली तर तिचा नमुना देशातल्या ठरलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. त्या एका कलमासाठी मी बाकीचे सगळे कागद भरायला तयार आहे.

पण कायद्याचा चटका प्रामाणिक मुलांनाच जास्त बसतो, हेही मला दिसतं. माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज एका कार्यालयात इतका पडून राहिला की फुलांचा एक अख्खा हंगाम गेला. पठारावरचा हंगाम म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर. तो चुकला की वर्ष चुकतं, आणि शिष्यवृत्ती वर्षाची वाट बघत नाही. अशा अर्जांना हंगामाच्या आत उत्तर मिळायलाच हवं. हे मी याआधीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन.

शिक्षेचं विचारलं नाहीत, तरी सांगते. २००८ साली दार्जिलिंगच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा करताना दोन चेक कीटकतज्ज्ञ पकडले गेले. एकाला दंड झाला, दुसऱ्याला तीन वर्षांची कैद सुनावली गेली. २०२३च्या दुरुस्तीनंतर जैवविविधता कायद्यातली कैद गेली, पण तिच्या जागी १ लाखापासून ५० लाखांपर्यंतचा दंड आला. वन्यजीव कायद्यातली कैद अजून आहे.

तेव्हा यंदाचा ऑगस्ट नमुन्यांसाठी गेला असं धरा. मुलीला घरी मात्र जरूर येऊ द्या. वडिलांबरोबर पठारावर हिंडू दे, ग्रामपंचायतीत जाऊन जैवविविधता समितीत कोण कोण आहे ते विचारू दे, साताऱ्या-कोल्हापुरातल्या एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटू दे. अर्ज याच वर्षी जाऊ दे, सहा महिने हाती धरून. तोवर तिकडे नेदरलँड्समध्येच लायडनच्या नॅचुरालिस संग्रहालयात भारतातून फार पूर्वी गेलेली शीट्स आहेत. त्यांच्या परवानगीनं जुन्या पानांच्या तुकड्यावर पद्धत बसवता येईल. तिचं वर्ष अगदीच वाया जाणार नाही.

प्रश्न : जुन्नरच्या पश्चिमेला आमचं गाव आहे. मी प्राथमिक शिक्षक. दोन आठवड्यांपासून एक फ्रेंच तरुण गावात राहतोय, पर्यटक म्हणून आलाय. स्वभावानं चांगला आहे. रोज झाडपाल्याची औषधं देणाऱ्या आमच्या आजोबांजवळ बसतो, कुठली साल कशावर देता हे विचारतो, मोबाइलवर रेकॉर्ड करतो, विद्यापीठात प्रबंध लिहायचाय म्हणतो. आजोबा मोकळ्या मनानं सांगतात. मला अवघडल्यासारखं होतंय. मी चुकतोय का?
– एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, तुमचं मन बरोबर सांगतंय. कायद्यात झाडाबरोबर झाडाविषयीचं ज्ञानही धरलेलं आहे. परदेशी माणसाला प्रबंधासाठी ते घ्यायचं तर प्राधिकरणाची मंजुरी हवी, आणि व्हिसाही संशोधनाचा हवा. पर्यटक म्हणून येऊन हे करता येत नाही. तो ज्यांच्या घरी उतरलाय त्यांनी २४ तासांत परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरायचा असतो. तोही भरलाय का बघा, नाहीतर त्रास त्या घरालाच व्हायचा.

आजोबांशी मात्र जपून बोला. त्यांना आपण काही गुन्हा केला असं वाटता कामा नये. त्यांना नरक्याची आठवण करून द्या, त्यांना ते झाड ठाऊक असणारच. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असतं, त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. हे बाहेर कळल्यावर सह्याद्रीत नरक्याची किती झाडं बुंध्यापासून तुटली आणि तोडणाऱ्याच्या हातात किलोमागे किती पडले, ते तुमच्या भागातले वयस्कर लोक सांगतील. हळदीचंही सांगा. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेनं त्याला हरकत घेतली आणि १९९७मध्ये ते रद्द करून घेतलं. रद्द झालं ते छापील पुरावे होते म्हणून. पेटंट घेणारे दोघे मूळचे भारतीयच होते, हेही लक्षात असू द्या. आजोबांचं ज्ञान कुठल्या छापील कागदावर आहे?

म्हणून तुमचं काम नोंदवहीचं. तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवहीही. वही कपाटात बंद असेल तर बाहेर काढा. आजोबांकडून आधी तुम्ही लिहून घ्या, आणि काय लिहायचं, काय नाही, हे त्यांना ठरवू द्या. त्यांचं नाव वहीत येऊ द्या. अडलं तर नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाला लिहा.

त्या तरुणाला चहाला बोलवा आणि सरळ सांगा की बाळा, रेकॉर्डिंग आता थांबव, परवानगी घेऊन पुन्हा ये, गाव तुला ओळखतं. भला असेल तर ऐकेल. त्याच्या विद्यापीठालाही हे ठाऊक असायला हवं, कारण २०१४पासून लागू झालेल्या नागोया या आंतरराष्ट्रीय करारानं ज्यांचं ज्ञान, त्यांची आधी संमती आणि फायद्यात वाटा, हे मान्य केलेलं आहे.

प्रश्न : काकू, मी मूळचा चिपळूणचा, सध्या स्वीडनमध्ये पोस्टडॉक. बेडकांवर काम करायला टांझानियाच्या उसांबारा डोंगरात जायचंय. तिथले कागद बघून डोकं गरगरलं. आपण तर भारतीय, युरोपियनांसारखे लुटारू नव्हे. आपल्याला तरी सवलत असावी की नाही?
– एक संशोधक

उत्तर : नाही रे बाळा. तिथे तू परदेशी. चिपळूणच्या रानात कुणी विनाविचारता बेडूक उचलले तर तुला जे वाटेल, तेच त्यांना वाटतं.

आधी डार-एस-सलामच्या कॉस्टेक या आयोगाचं संशोधनपत्र. त्यासाठी तिथला स्थानिक सहकारी शास्त्रज्ञ लागतो. वन्यप्राणी असल्यामुळे टाविरी या वन्यजीव संशोधन संस्थेचंही लागतं. मग इमिग्रेशनचा सी वर्गाचा निवासपरवाना. त्यानंतर प्रांत, जिल्हा आणि शेवटी गावाच्या कार्यालयात पत्र घेऊन स्वतः जायचं. ही शेवटची पायरी लोक धावतपळत उरकतात. तू तसं करू नकोस, तिथे पूर्ण सकाळ दे. स्थानिक सहकाऱ्याचं नाव नुसतं अर्जापुरतं वापरू नकोस. त्याला डोंगरात बरोबर घे, लेखावर त्याचं नाव टाक.

उसांबाराचं मला माहीत आहे ते एका कुंडीमुळे. आफ्रिकन व्हायोलेट, पुण्यातल्या कितीतरी खिडक्यांत आहे, माझ्याही आहे. १८९२च्या सुमाराला तिथला जर्मन अधिकारी फॉन सेंट पॉल यानं ते जर्मनीत वडिलांकडे पाठवलं. पुढच्या वर्षी त्याच्याच नावानं त्याचं बारसं झालं आणि जगभर त्याचा व्यापार उभा राहिला. डोंगरातल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. तू जाशील त्या गावांच्याच आसपासची ही गोष्ट आहे.

आणि निघण्याआधी एक शब्द पाठ कर. तिकडे वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणतात, आपल्याकडे वाकून नमस्कार करावा तसं. समोरून ‘माराहाबा’ असं उत्तर येईल. ते आलं की मगच पिशवीतून कागद काढ.