मुलीची शाळेची सगळी वर्षं आठवण म्हणून कशी जपून ठेवू?

तुमची मुलगी यंदा पहिलीत जाते आहे आणि शाळा संपेल तेव्हा तिच्या हातात ठेवता येईल असं काहीतरी आतापासून करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी मुलासाठी हे केलं. सुरुवातीची तीन वर्षं चुकतच केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी मी काहीच टाकलं नाही. दोन खोकी भरली, आणि पुन्हा उघडून बघावं असं त्यात फार थोडं निघालं. मग नियम केला: एका इयत्तेला ए-४ मापाचं एकच पाकीट. त्यात मावेल ते ठेवायचं, बाकीच्याचा फोटो काढून कागद रद्दीत. जीव तुटतो, पण दोन-तीन दिवसच.

आता पाकिटात काय घालायचं? प्रमाणपत्रं आणि पदकं कुणी ना कुणी सांभाळतंच. हरवतं ते रोजचं. माझ्याकडची सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे वह्यांची शेवटची पानं. पुढच्या पानांवर बाईंनी सांगितलेलं असतं, मागच्या पानावर मूल स्वतः असतं: फुली-गोळा, सहीचा सराव, शेजारच्या मित्राशी तासाला चाललेला लेखी संवाद, कुणाचं तरी नाव लिहून वर गिरगोटलेलं. दर वर्षी निदान दोन पानं तरी फाडून ठेवा. शिवाय एकच ठरलेली ओळ दर वर्षी तिच्या अक्षरात लिहून घ्या. अक्षर कसं सरळ होतं आणि आठवी-नववीत पुन्हा कसं बिघडतं, ते एका नजरेत दिसतं.

प्रत्येक कागदामागे मऊ शिसाच्या पेन्सिलीने तारीख आणि दोन ओळी लिहा, त्याच आठवड्यात. ‘हा हत्ती नाही, ही मुख्याध्यापकांची गाडी आहे’ ही माहिती नंतर कुणालाच आठवत नाही. चित्रकारालाही नाही.

आता माझ्या चुका. मेणखडूचं एक चित्र लॅमिनेट करायला दिलं. उष्णतेने मेण वितळून रंग पसरला. लॅमिनेशन एकदा केलं की कागदाला धक्का न लावता काढता येत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका. सेलोटेप काही वर्षांत पिवळा पडून डाग सोडतो, रबरबँड कागदाला चिकटतो, टाचण्या गंजतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सोडवताना माझे दोन फाटले. स्केचपेनचे रंग उजेडात उडतात, म्हणून भिंतीवर लावायचं असेल तर रंगीत प्रत लावा, मूळ चित्र अंधारात. काही तिकिटं आणि पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात, त्या आपोआप कोऱ्या होतात; त्यांची झेरॉक्स लगेच काढून घ्या. प्लास्टिकचे कप्पे वापरणार असाल तर पीव्हीसीचे नकोत, छापील अक्षरं त्याला चिकटून निघतात. पॉलिप्रोपिलीन लिहिलेले चालतात. पाकिटं आम्लविरहित कागदाची मिळाली तर उत्तम. वर्तमानपत्राचं कात्रण मात्र वेगळं ठेवा, ते स्वतः पिवळं पडतं आणि शेजारच्यालाही पाडतं. आणि हे सगळं माळ्यावर टाकू नका. तिथला उकाडा आणि ओल वाईट. घरातलं मधलं कोरडं कपाट बरं.

आवाज विसरू नका. दर वर्षी तिला तिच्याच पुस्तकातला एक धडा मोठ्याने वाचायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. माझ्या मुलाचा आवाज फुटायच्या आधीचं रेकॉर्डिंग एकच आहे, तेही पंख्याच्या घरघरीत. फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मोठी चित्रं स्कॅन करताना ३०० डीपीआय (दर इंचाला किती ठिपके, म्हणजे स्कॅनचा बारकावा) पुरे.

पाचवी-सहावीपासून पाकिटात काय जाईल ते तिला ठरवू द्या. ती काही गोष्टी काढून टाकेल. टाकू द्या.

एखादं वर्ष सुटलं तर ते नंतर मागून जमवत बसू नका. आमचं चौथीचं पाकीट रिकामंच आहे. वर फक्त लिहिलंय: ‘या वर्षी घर बदललं, काहीच सापडत नव्हतं.’