सेल नवा, तरी रिमोट गप्प

प्रश्न: गाडीचा रिमोट अगदी जवळ गेल्याशिवाय चालेना, म्हणून नवी पेठेतून सेल आणला. मुलाने तो घरीच बदलला. तेव्हापासून बटण दाबलं तर कधी लॉक होतं, बहुतेकदा होतच नाही. चावी फिरवली की गाडी मात्र सुरू होते. एका गॅरेजवाल्यांनी सांगितलं, सेल काढल्यामुळे कोडिंग उडालं, नवी चावी करावी लागेल. खर्च ऐकून धास्तावले आहे. खरंच कोडिंग उडतं का?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, नवी चावी इतक्यात करू नका. शेंगेत दोन दाणे असतात ना, तशा तुमच्या चावीत दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक रिमोटचं सर्किट, त्याला सेल लागतो. दुसरी इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची इवलीशी चिप, तिला सेल लागत नाही. चावी फिरवताना स्टिअरिंगजवळच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. गाडी सुरू होते, म्हणजे चिप जागेवर आहे. राहिलं रिमोटचं कोडिंग, म्हणजे गाडीशी त्याची ओळख. ते सेल काढल्याने सहसा पुसत नाही. आणि ते उडालं असतं तर रिमोट एकदाही चालला नसता. तुमचा अधूनमधून चालतो, म्हणजे आत कुठेतरी टच नीट होत नाही.

आधी घरातली दुसरी चावी वापरून बघा. तिने लॉक झालं तर गाडीत दोष नाही.

मग सेलवरचा आकडा वाचा. माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे आणि टेबलावर येणाऱ्या अशा रिमोटांत ही चूक मला वारंवार दिसते. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ दिसायला तसाच, व्होल्टही तेच ३, पण जाडी २.५. काउंटरवर घाईत दुसरा हातात पडतो. तो बसतो, पण ०.७ मिलिमीटरची फट राहते आणि चावी हलली की टच सुटतो. जुन्या सेलवरचा किंवा रिमोटच्या आत छापलेला आकडा जुळवून घ्या.

आकडा बरोबर असेल तर सेल काढून खालची धातूची पत्ती बघा. नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने सेल उचकटताना ती दबते. लाकडी टूथपिकने केसभर वर उचला, जास्त नको, तुटेल. सेल बसवताना तो बोटांनी दोन्ही बाजूंनी दाबून धरला जातो, त्या बोटांचा तेलकटपणा सेलवर उमटतो. शिवाय लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात, तोही कधी आड येतो. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सेल आणि पत्ती पुसा, वाळू द्या, मग सेल कडेने धरून बसवा. अधिकची बाजू खुणेप्रमाणे. पॉलिश पेपर मात्र लावू नका, पत्तीवरचा मुलामा निघतो. बटणांचं रबर उलटून बघा, काळे ठिपके दिसतील. तेच सर्किट जोडतात, म्हणून ते खरवडायचे नाहीत.

मल्टीमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. पण दुकानात वर्षानुवर्षं पडलेला सेलही मीटरवर चांगला दिसतो आणि बटण दाबताच खाली बसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तशा उन्हात डॅशबोर्डवर चावी ठेवू नका, सेल लवकर मरतो.

एक काळजीची गोष्ट. जुना सेल टीव्हीजवळ किंवा ड्रॉवरमध्ये सुटा ठेवला असेल तर आत्ताच उचला. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, म्हणून उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट दवाखाना गाठा.

एवढं करूनही रिमोट चालला नाही, तर गाडीसोबतच्या पुस्तकात रिमोट पुन्हा जुळवायची कृती असते का ते बघा. दूरवरून बटण फार वेळा दाबलं गेलं की रिमोट आणि गाडी यांच्यातला दर दाबण्याला बदलणाऱ्या कोडचा क्रम कधी चुकतो, तो तिथे दुरुस्त होतो. आणि कोडिंगला जावंच लागलं तर दोन्ही चाव्या न्या. बऱ्याच गाड्यांत कोडिंग करताना समोर नसलेली चावी यादीतून जाते.