व्हेरिएबलची 'व्याप्ती' की 'हद्द'?

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न: "पीएचपी शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. 'मेथडमध्ये इन्क्लूड केलेल्या फाइलमधल्या व्हेरिएबलची व्याप्ती त्या मेथडपुरती असते' हे वाक्य कुणालाच कळत नाही. 'स्कोप'ला दुसरा शब्द आहे का?"

आहे की, 'हद्द'. (बाकी वाचकांसाठी: पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा. व्हेरिएबल म्हणजे माहिती साठवणारं नाव, मेथड म्हणजे क्लासच्या आतलं फंक्शन, आणि इन्क्लूड म्हणजे दुसरी फाइल त्या जागी आत घेणं.) 'व्याप्ती' चूक नाही, पण आपण ती पुराची किंवा घोटाळ्याची म्हणतो. तिथे प्रश्न 'केवढा' असा असतो. (न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, धूर आणि अग्नीच्या अतूट संबंधाला व्याप्ती म्हणतात, ते प्रकरण आणखी वेगळं.) तुम्हाला सांगायचंय की व्हेरिएबलचं नाव कुठे चालतं आणि कुठे नाही. पोलीस चौकीवर अशा वेळी काय ऐकू येतं? "आमच्या हद्दीत येत नाही."

२०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे, वाघोली धरून २३ गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. गावं जागची हलली नाहीत, कारभार बदलला. इन्क्लूडचंही तसंच. फाइल तीच, पण ती ज्या ओळीवर आत घेतली त्या ओळीची हद्द तिला लागू होते. मेथडमध्ये घेतली तर त्या मेथडमधली व्हेरिएबलं, अगदी चालू ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारं 'डॉलर धिस'सुद्धा, फाइलला दिसतात. आणि फाइलमध्ये नुसती लिहिलेली व्हेरिएबलं मेथड संपली की जातात. फाइलमधली फंक्शनं आणि क्लास मात्र ही हद्द मानत नाहीत.

मुलं हमखास अडकतात ती 'रिक्वायर वन्स'पाशी, म्हणजे फाइल एकदाच आत घेणाऱ्या आज्ञेपाशी. क्लासच्या दोन मेथडमध्ये तीच सेटिंगची फाइल अशी घेतली, तर पहिलीत पासवर्डचं व्हेरिएबल मिळतं आणि दुसरीत 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' (असं व्हेरिएबलच नाही) ही तक्रार. फाइल एकदाच चालली, तीही पहिल्या मेथडच्या हद्दीत. दुसरीच्या वाट्याला काहीच आलं नाही. अशी फाइल ॲरे (माहितीची यादी) रिटर्न करणारी, म्हणजे परत देणारी, लिहावी आणि साध्या 'रिक्वायर'ने तो ॲरे हातात घ्यावा. 'वन्स' लावलं तर दुसऱ्यांदा ॲरेऐवजी नुसतं 'ट्रू' मिळतं.

'हद्दीत', 'हद्दीबाहेर' अशी रूपं सहज होतात, हाही फायदा. 'कक्षा' मला सुचवावीशी वाटत नाही, तिथे उपग्रह फिरायला लागतात. टिपणात असं लिहा: "इन्क्लूड ज्या मेथडमध्ये, फाइलमधली व्हेरिएबलं तिच्याच हद्दीत." वर्गात बोलताना 'स्कोप' म्हणालात तरी चालेल, मुलं तेच म्हणतात.