मुलीला अतिवाहकांवर संशोधन करायचंय, आम्हाला इंजिनिअरिंग हवंय

प्रश्न : मुलगी खानापुरात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. दहावी मराठी माध्यमातून झाली. तरंगत्या चुंबकाचा व्हिडिओ पाहिल्यापासून तांब्याच्या संयुगांच्या अतिवाहकांवर, म्हणजे खूप थंड केल्यावर वीज कसल्याही विरोधाशिवाय वाहून नेणाऱ्या पदार्थांवर, संशोधन करायचं म्हणते. आम्हाला वाटतं, सीईटी देऊन इंजिनिअर व्हावं. या विषयात पोट भरेल का? – एक पालक

उत्तर : पोट भरेल, पण उशिरा. बीएस्सी, एमएस्सी आणि पीएचडी धरून दहाएक वर्षं जातात. नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये फेलोशिप आहे, त्यामुळे पीएचडीचा भार तुमच्यावर पडणार नाही. तोवरचा खर्च मात्र घरचाच.

विषय भक्कम आहे. 1986 साली बेडनोर्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अतिवाहकता सापडली आणि पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. 1987 मध्ये यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड 93 केल्विनला (उणे 180 अंश सेल्सिअस) अतिवाहक ठरलं. द्रव नायट्रोजन त्याहून थंड, 77 केल्विनला (उणे 196 अंश) उकळतो, म्हणजे महागड्या द्रव हेलियमवाचून काम भागू लागलं. पण हे नेमकं का घडतं, यावर आजही शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मुलीला ओढ या कोड्याची असेल तर तिला अडवू नका.

व्हिडिओत दिसत नाही ते रोजचं काम तिला आधी कळू दे. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड मोजून खलात घोटायचं, नऊशे-साडेनऊशे अंशांवर भट्टीत तापवायचं, पुन्हा घोटायचं, दाबून गोळी करून पुन्हा तापवायचं. शेवटी ऑक्सिजन सोडत भट्टी हळूहळू थंड करायची. त्यात ऑक्सिजन कमी पडला की तीच काळी गोळी अतिवाहक राहत नाही, फारच कमी पडला तर विद्युतरोधक होते. मग पहिल्यापासून सुरुवात. प्रॅक्टिकलला ती रमते का, हे तिच्या शिक्षकांना विचारा. मार्कांपेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं. आणि नुसत्या फिजिक्सवर भागणार नाही, केमिस्ट्रीही तितकीच पक्की लागेल.

माध्यमाची काळजी सोडा. दहावीनंतर पीयूसीचं पहिलं वर्ष इंग्रजीतून काढलं, तिथेच अवघड घाट संपला.

माझं मत बीएस्सीच्या बाजूने आहे. बेळगावात पदवी करून जॅम या पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षेतून बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेपर्यंत जाता येतं. 1987 मध्ये तिथे रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांनी याच पदार्थांवर काम केलं होतं. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत बारावीनंतर थेट प्रवेश आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. इंजिनिअरिंगच घ्यायचं ठरलं तर मटेरियल्स किंवा मेटलर्जी बघा. या संयुगांच्या फिती बनवून शक्तिशाली चुंबक उभारायला तेच इंजिनिअर लागतात.

सध्या सीईटी आणि आयसर, दोन्हींचे अर्ज भरा. निकाल लागल्यावर मुलीला घेऊन भेटायला या.