डेटाबेसची खास सोय वापरावी का?

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला. मंगल कार्यालयांच्या बुकिंगसाठी तुला पोस्टग्रेस या डेटाबेसचा एक्स्क्लुजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर येणाऱ्या नोंदी डेटाबेसनेच नाकारायचा नियम) हवाय आणि कोडच्या रिव्ह्यूमध्ये तुला सांगितलं गेलं की उद्या डेटाबेस बदलावा लागला तर पंचाईत होईल, साध्या एसक्यूएलमध्येच, म्हणजे सगळ्या डेटाबेसना समजणाऱ्या भाषेतच लिही.

माझं ऐकशील तर कन्स्ट्रेंट ठेव. ऐन मुहूर्ताच्या तारखेला एकाच हॉलसाठी दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, की 'हॉल मोकळा आहे का' या क्वेरीला दोन्हीकडे 'हो' मिळतं आणि दोन्ही बुकिंग आत जातात. ॲप्लिकेशनमधून हे थांबवायचं तर लॉक लावावं लागतं, म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवावं लागतं, आणि जिथून जिथून बुकिंग होतं तिथे ते आठवणीने लावावं लागतं. वर्षभराने कुणीतरी एक्सेलमधून जुनी बुकिंग भरायची स्क्रिप्ट लिहितं, त्यात ते हमखास राहतं. कन्स्ट्रेंट असेल तर एकाच हॉलचे एकमेकांवर येणारे दोन कालावधी टेबलात शिरतच नाहीत, मग ते कुठूनही येवोत. ही सोय पोस्टग्रेसमध्ये २०१० पासून आहे. (आता १८ व्या आवृत्तीत 'विदाउट ओव्हरलॅप्स' हे एसक्यूएल मानकातलं रूपही आलंय. मानक कधीकधी असं मागून येऊन गाठतं.)

शिवाय 'साधं एसक्यूएल' लिहिलं म्हणजे मोकळे राहिलो, हा भ्रमच. ओरॅकल या दुसऱ्या, विकतच्या डेटाबेसचं 'कनेक्ट बाय' (एकाखाली एक असलेल्या नोंदी शोधायची त्याची खास पद्धत) सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतं, पण ते 'विथ रिकर्सिव्ह' या मानक रूपात बसवणं फारसं अवघड नाही. छळतं ते वेगळंच. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (अक्षरं नसलेला मजकूर) नल, म्हणजे 'माहितीच नाही' असं मानतं, पोस्टग्रेस मानत नाही. पत्त्याची दुसरी ओळ रिकामी असलेले ग्राहक 'इज नल'ने शोधणारी क्वेरी दोन्हीकडे जशीच्या तशी चालते, एरर कुठेच येत नाही, फक्त रिपोर्टमधला आकडा बदलतो. अशा ठिकाणी आपण कुठलीही खास सोय वापरलेली नसते, तरी अडकलेलो असतो.

खरा फास पैशाचा. जानेवारी २०१७ मध्ये ओरॅकलने ॲमेझॉन आणि अझ्युर क्लाउडवरचे लायसन्स मोजायची पद्धत बदलली, आणि तिथल्या नेहमीच्या इंटेल सर्व्हरसाठी जवळपास दुप्पट लायसन्स लागू लागली. कुणाच्या कोडमधली एक ओळही बदललेली नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲमेझॉनने जाहीर केलं की त्यांच्या ग्राहक व्यवसायातला शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद झाला. सुमारे ७,५०० डेटाबेस, ७५ पेटाबाइट माहिती. आणि हे सगळं गेलं कुठे? त्यांच्याच डायनॅमोडीबी, ऑरोरा वगैरे डेटाबेस सेवांवर. त्यांच्यासाठी ती घरचीच गोष्ट. आपल्यासाठी डायनॅमोडीबी म्हणजे असा डेटाबेस, जो प्रॉडक्शनसाठी फक्त एकच कंपनी चालवते. उद्या कुणी तो सुचवला, तर आत्ता रिव्ह्यूमध्ये तुला विचारलेला प्रश्न तिथे जोरात विचार.

पोस्टग्रेसचं तसं नाही. कन्स्ट्रेंट त्याच्या गाभ्यातच आहे, हॉल आयडीची तुलना करायला लागणारं बीट्री-जिस्ट एक्स्टेंशन (जोडायचा पूरक भाग) मूळ प्रकल्पासोबतच येतं, आणि होस्टिंग देणारे कितीतरी आहेत. मात्र तुमचा पोस्टग्रेस ॲमेझॉनच्या आरडीएस या होस्टिंग सेवेवर असेल, तर तिथलं लॅम्डा (ॲमेझॉनवर छोटा कोड चालवायची सेवा) बोलावणारं एक्स्टेंशन ट्रिगरमध्ये, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, घालू नकोस. ते दुसरीकडे मिळणार नाही, आणि ग्राहकाला एसएमएस पाठवायचं काम डेटाबेसचं नाहीच.

रिव्ह्यूला जाण्याआधी डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) काढून आपल्या लॅपटॉपवरच्या पोस्टग्रेसमध्ये रिस्टोअर कर, डेटाबेसशी दोन वेगळी सेशन उघड, आणि एकच हॉल एकाच वेळेसाठी दोन्हीकडून बुक करून बघ. दुसऱ्या सेशनमध्ये येणारी एरर तशीच्या तशी मायग्रेशन फाइलच्या (टेबलात बदल करणाऱ्या फाइलच्या) कॉमेंटमध्ये चिकटव. आक्षेप घेणाऱ्याला तेवढं दाखव, आणि हेच काम ॲप्लिकेशनमधून करायला किती ठिकाणी लॉक लावावं लागेल, ती यादी त्यालाच करू दे.

तुझा,
दादा