सालीचे ठसे पुसट का येतात?

प्रश्न : पाचवीच्या मुलांकडून रानात झाडांच्या सालीचे ठसे घेतले. कागद फाटले, ठसे पुसट आले. काय चुकलं?

उत्तर : बहुधा पेन्सिलीचं टोक आणि ओली साल. पावसाळ्यात सालीवर शेवाळ असतं, दिवाळीनंतर जा. पातळ कागद खोडाला वर-खाली सुतळीने बांधा. नुसता हाताने धरला की तो सरकतो आणि ठसा दुहेरी उमटतो. मेणखडूचा कागद सोलून खडू आडवा धरा, हलक्या हाताने घासा. सुरुवात ऐनाच्या झाडापासून करा : मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची साल, ठसा हमखास उठतो. अर्जुनाची साल गुळगुळीत, तिथे मुलं कंटाळतात.

एक मात्र बघा. हिवाळ्यातच खाजकुइलीच्या शेंगा वाळतात. तिचा वेल चढलेलं झाड सोडून द्या. शेंगांवरची खाज आणणारी कुसं वाऱ्यानेही अंगावर येतात.